मुलांना शेत दाखवायचंय? आधी काम निवडा, मग गाव

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोन घरची मंडळी हुरडा खायला पुण्याबाहेरच्या एका कृषी पर्यटन केंद्रात गेलो. दारात कमान, रंगवलेली बैलगाडीची चाकं, कारंज्याखाली नाचायची सोय, जेवणाला पिठलं-भाकरी. हुरडाही होता, पण तो फ्रीजरमधल्या पिशवीतून आला. रानातली ज्वारी कधीच काढून झाली होती, उरली होती ती धसकटं. परतताना धाकटीला विचारलं, काय आवडलं? म्हणाली, कारंजं. केंद्रवाल्याला तरी काय बोल लावायचा? फोनवर मी दर विचारला होता, जेवणात काय ते विचारलं होतं, गाडी लावायला सावली आहे का हेसुद्धा विचारलं होतं. रानात सध्या काय चाललंय, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम उलटा झालाय. आधी शेतातलं काम ठरतं, मग ते जिथे चालू असेल ते गाव, आणि राहण्या-खाण्याचं सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: महिना पाहून काम निवडा

किल्ला बारा महिने जागेवर असतो. रान पंधरा दिवसांत पालटतं. म्हणून सुट्टी कधी आहे ते बघा आणि त्या दिवसांत कुठलं काम ऐन भरात असतं ते शोधा.

पावसाळ्यात भात. मृगाच्या पावसावर रोपं टाकतात, ती तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की लावणी. मावळ, मुळशी, भोर, इगतपुरी आणि कोकणात ती बहुधा जुलैत येते. लहान मुलांसाठी याच्याइतकं चांगलं काम दुसरं नाही, कारण ते त्यांना खरोखर जमतं: दोन-तीन काड्या चिमटीत धरायच्या आणि वीतभर अंतरावर चिखलात रोवायच्या. ऑगस्ट-सप्टेंबरात खुरपणी आणि फवारण्या. तेव्हा पाहुण्यांनी घरी बसलेलं बरं. दसरा तोंडावर आला की झेंडूची तोडणी मात्र बघण्यासारखी असते.

दिवाळीच्या आसपास ऊसपट्ट्यात गुऱ्हाळं पेटतात ती मार्चपर्यंत चालतात. डिसेंबर-जानेवारी हुरड्याचे. नाशिकच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबर ते एप्रिल. तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथे बऱ्याच मळ्यांत स्वतः खुडून वजनावर पैसे देता येतात. सकाळी मळा करा आणि उन्हं चढली की भिलारला जा. २०१७ च्या मे महिन्यापासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. दमलेल्या मुलांना सावलीत बसवायला इतकी चांगली जागा मला दुसरी ठाऊक नाही.

एप्रिल-मे कोकणाचा. हापूस उतरवताना झेल्याचं, म्हणजे फळं काढायच्या लांब काठीचं, पातं आणि जाळी कशी काम करते ते मुलांना जवळून दाखवा. आंबा डेखासकट निघाला पाहिजे, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. मग भाताच्या पेंढ्यातली आढी, म्हणजे आंबे पिकत घालतात ती रास. पेटीत 'असेच' येणारे आंबे आधी हिरवे आणि दगडासारखे कडक असतात, यावर शहरातल्या मुलांचा विश्वास बसत नाही. याच दिवसांत गोव्यात काजूच्या बोंडांचा रस निघतो. ताजा रस, म्हणजे नीरो, मुलांनाही चालतो; त्याच्या पुढचे हुर्राक आणि फेणी मोठ्यांसाठी. ज्यांना हंगामाशी सुट्टी जुळवताच येत नाही, त्यांनी फोंड्याजवळच्या सावई किंवा केरीच्या मसाल्याच्या बागा धराव्यात. मिरीची वेल, दालचिनीची साल, जायफळाभोवतीची लालभडक जायपत्री, यातलं काही ना काही तिथे कधीही दिसतं.

यादी लांबली, पण तुम्ही यातलं एकच घ्या. एका दिवसात द्राक्षं, गाई, मधमाश्या आणि बैलगाडी असा बेत आखला की सगळंच पाच-पाच मिनिटं दिसतं आणि काहीच लक्षात राहत नाही.

दुसरी पायरी: ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा

हुरडा म्हटलं की लोकांना ताट आठवतं: लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. मुलांना मात्र ताटाआधी रानात न्या. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. दाणा आधी चिकात असतो, म्हणजे नखाने दाबला की दुधासारखा पांढरा थेंब येतो. मग तो हुरड्यात येतो: मऊ, गोड, दाबला तर चेपणारा. त्यापुढे निबर. गोडी येते ती दाण्यातल्या साखरेचा पुरता पिठूळपणा व्हायच्या आत कणीस खुडलं म्हणून. ही अवस्था एका रानात थोडेच दिवस टिकते. त्यामुळे हुरड्याचा धंदा करणारे शेतकरी पेरणी एकदम न उरकता टप्प्याटप्प्याने करतात. मुलांना एकाच ताटव्यातली चिकातली, हुरड्यातली आणि निबर अशी तीन कणसं शोधायला लावा. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

मग आगटी. खड्ड्यात गोवऱ्या पेटवतात, ज्वाळा बसून निखारा झाला की त्यात कणसं खुपसतात. काही मिनिटांत ती बाहेर, आणि गरम असतानाच तळहातावर किंवा सुपात चोळून दाणे मोकळे करायचे. इथे वाण कळतो. गुळभेंडीसारख्या हुरड्याच्या वाणाचा दाणा बोंडातून लगेच सुटतो. भाकरीच्या ज्वारीचा हात सोलून निघाला तरी सुटत नाही. सुरती, कुचकुची ही नावंही कानावर पडतील. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले मधुर' नावाचा वाण काढलाय. कणसं खुडलेली ताटं वाया जात नाहीत, ती वैरण होतात. शेतकऱ्याला एक गोष्ट जरूर विचारा: अगदी कोवळी, पोटऱ्यातही न आलेली (कणीस अजून धरायचंय अशी) ज्वारी जनावरांना का घालत नाहीत? तिच्यात सायनाइडसारखं विष तयार होतं आणि गुरं दगावतात. मोठ्या मुलांचे डोळे इथे हमखास विस्फारतात. गोडीला भुलून बसलेलं पोर एकदम शास्त्राकडे वळतं.

गुऱ्हाळ म्हणजे याच्याहून मोठं नाटक. चरकात ऊस पिळतात, रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, जातो आणि खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळण म्हणून जातात. उसाचा रस उसावरच शिजतो, हे मुलांना स्वतःहून लक्षात येऊ द्या, आधी सांगू नका. रस तापला की भेंडीच्या झाडाच्या खोडा-सालीचं चिकट पाणी घालतात, त्याला धरून मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. पुढचा तास-दीड तास रंग बदलत जातो. साधारण १०५ अंशांच्या आसपास काकवी मिळते, ११८ च्या जवळ गेलं की गूळ. गुळव्याकडे मात्र तापमापक असेलच असं नाही. तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, त्याची गोळी वळतो आणि तेवढ्यावर सांगतो: उतरवा. तो क्षण चुकला तर अख्खी काहील बिघडते, म्हणून त्या पाच मिनिटांत त्याला प्रश्न विचारू नका.

जाताना मुलांना एक गणित द्या. ढोबळमानाने १०० किलो उसातून १० ते १२ किलो गूळ निघतो. मग घरातल्या किलोभर ढेपेसाठी किती ऊस गेला? उरलेलं वजन कुठे गेलं? काहिलीतून उठणारी वाफ समोरच दिसत असते.

तिसरी पायरी: जागा कशी निवडायची

सगळ्यात चांगलं शेत म्हणजे नात्यातलं. आत्याचं, मामाचं, नाहीतर ऑफिसातल्या कुणाचं तरी गाव. तिथे काम पाहुण्यांसाठी मांडलेलं नसतं आणि मूल दोन तास नुसतं बांधावर बसून राहिलं तरी कुणी 'आता पुढचा कार्यक्रम' म्हणत नाही. फक्त ऐन सुगीत अचानक जाऊन घरच्या बाईला दहा माणसांच्या स्वयंपाकाला जुंपू नका. डबा न्या.

ते नसेल तर कृषी पर्यटन केंद्र. महाराष्ट्रात ही वाट रुळली ती बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीपासून. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास तिथे हा प्रयोग उभा केला. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येऊ लागली. नोंदणी आहे का ते विचारा, पण तेवढ्यावर विसंबू नका. माझी कसोटी साधी आहे: पाहुणे आले नाहीत तरी हे शेत चाललं असतं का? मालक स्वतः पेरत-कापत असेल तर मुलांचे वेडेवाकडे प्रश्न त्याला आवडतात. हिरवळ, झोपाळे आणि दोन दमलेले घोडे एवढंच असेल तर ते रिसॉर्ट आहे. जायला हरकत नाही, शेत म्हणून जाऊ नका.

आठवी-नववीच्या पुढच्या मुलांसाठी मला कृषी विज्ञान केंद्रं आणि संशोधन केंद्रं अधिक आवडतात. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत (राहुरी, अकोला, परभणी, दापोली) आणि त्यांची केंद्रं जागोजागी. कलमं कशी बांधतात, माती कशी तपासतात, एका पिकाचे वीस वाण शेजारी शेजारी का लावतात, हे तिथे नीट कळतं. मात्र ही कार्यालयं आहेत. रविवारी फाटक बंद असण्याची शक्यता दांडगी, म्हणून कामाच्या दिवशी, आधी फोन करून, शक्यतो चार-पाच कुटुंबं मिळून जा. गर्दीचं वावडं नसेल तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत 'कृषिक' हे शेतीचं प्रदर्शन भरतं. तिथे पिकं तंबूतल्या टेबलावर न मांडता प्रत्यक्ष जमिनीत वाढवून दाखवतात.

आणि एक जागा कुणी धरतच नाही: बाजार समिती. लासलगावला कांद्याचा लिलाव बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, एकेका ट्रॉलीपुढे व्यापाऱ्यांचा घोळका, आकडे पुकारले जातात आणि मिनिटा-दोन मिनिटांत चार महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. भाव क्विंटलचा असतो. शंभराने भागायचं काम मुलांना द्या आणि संध्याकाळी घराजवळच्या गाडीवर कांदा काय दराने आहे ते विचारायला पाठवा. शेतीचं अर्थशास्त्र याहून सोप्या रीतीने समजावणं मला जमलेलं नाही.

चौथी पायरी: फोनवर हे विचारा

- आम्ही येऊ त्या दिवशी रानात कुठलं काम चालू असेल? ("सगळंच असतं" हे उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा.)
- त्यात मुलांना हात लावता येईल का?
- आदल्या चार-पाच दिवसांत किंवा त्या दिवशी फवारणी आहे का?
- विहीर आणि शेततळ्याला कुंपण आहे का?
- बायकांसाठी स्वच्छ संडास आहे का? आजी-आजोबा येणार असतील तर बसायचा की उकिडवा?
- माणशी दरात काय येतं, आणि किती वर्षांपर्यंतची मुलं अर्ध्या दरात?
- शेवटचे दोन किलोमीटर रस्ता कसा आहे? पावसाळ्यात हा प्रश्न पहिला.

पाचवी पायरी: पिशवीत काय

पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, टोपी, बंद बूट, कपड्यांचा एक जादा जोड, पाणी, साबण, प्रथमोपचाराची डबी. भातलावणीला बूट चालत नाहीत, पाय चिखलात रुततात. पण पायाला जखम किंवा चीर असेल तर त्या मुलाला चिखलात उतरवू नका. पावसाळ्यात लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना 'भातखाचरात गेलो होतो' हे आवर्जून सांगा. अत्तर, सेंट घरी ठेवा, मधमाश्यांना ते खपत नाही. कागद-पेन्सिल न्या. एक भिंग नेलंत तर मोबाइल आपोआप खिशात राहतो.

सहावी पायरी: दिवस असा मांडा

शेतातलं काम सकाळी असतं आणि पाहुणे पोचतात अकराला. इथेच निम्मी सहल वाया जाते. हिवाळ्यात आठ, उन्हाळ्यात सातपर्यंत रानात हवं. जमत असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा, म्हणजे पहाटेची धारही दिसते. (धारोष्ण दुधाचं कौतुक आजोबा करतील. त्यांना मान द्या, पण मुलांना दूध उकळूनच पाजा. कच्च्या दुधातून जनावरांचे रोग माणसात येतात.)

पोचल्यावर पहिला तास नुसतं फिरणं. पाणी कुठून येतं, विहीर की कालवा, मोटर कुठे, ठिबकची नळी कुठवर गेलीय. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला ठरवलेलं काम. इथे मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं असतं, जे मला अजून नीट जमत नाही. शेतकरी सांगत असताना "ऐक हं, ते काय म्हणतायत" असं आपण म्हटलं की मूल ऐकायचं थांबतं. त्याऐवजी घरूनच प्रत्येकाला एक प्रश्न वाटून द्या. मोठ्याकडे पैशांचा: बियाणं, मजुरी, खत मिळून खर्च किती आला, गेल्या वर्षी भाव काय मिळाला? मधल्याकडे पाण्याचा. धाकट्याकडे किड्यांचा. आमच्या धाकटीने एकदा विचारलं, "तुम्हाला सुट्टी कधी असते?" त्या काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बैलांना पोळ्याला असते."

दुपारी एक ते चार झाडाखाली. झोपा, पत्ते खेळा, काहीही करा, उन्हात फिरू नका. बैलगाडी, गोफण, विटीदांडू चारनंतर. गोफणीत दगडाऐवजी मातीचं ढेकूळ घालायचं, फेकणाऱ्याच्या आसपास दहा-पंधरा पावलं कुणी उभं राहायचं नाही.

सातवी पायरी: धोके, आणि यात सूट नाही

शेततळं सगळ्यात फसवं. निळं पाणी, उथळ वाटतं, पोहायच्या तलावासारखं. पण त्याला प्लास्टिकचं अस्तर असतं आणि बाजू उतरत्या. एकदा घसरलं की ओल्या प्लास्टिकवर हातापायाला धर मिळत नाही. चांगली पोहणारी माणसंही यात बुडाली आहेत. कुंपण नसलेल्या शेततळ्याजवळ मुलांना नेऊच नका, आणि कुणी पडलंच तर मागोमाग उडी न मारता दोर किंवा बांबू टाका. जुन्या विहिरींना कठडे नसतात. 'विहिरीशी मोठ्याचा हात धरूनच' हा नियम गाडीतून उतरायच्या आधी सांगा.

चालू यंत्राजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, मळणी यंत्र आणि गुऱ्हाळाचा चरक, तिन्ही कपडा धरून माणूस ओढतात. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर मुलाला बसवून फोटो काढायची हौस फार जणांना असते. मी तिथे वाईटपणा घेतो. मोटरच्या स्टार्टर पेटीला हात नाही. काहिलीपासून चार पावलं लांब, कारण उकळता पाक अंगाला चिकटून बसतो. गाई-बैलांच्या मागून जायचं नाही. मालकाला विचारून बाजूने, दिसेल असं जायचं.

बागेतलं फळ न धुता तोंडात टाकू नये, मालक "खा हो, काही होत नाही" म्हणाला तरी. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ काढायचं याची मुदत प्रत्येक औषधाला ठरलेली असते. ती पाळली आहे का, हे सरळ विचारा.

साप दिसला तर थांबा आणि त्याला वाट द्या. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. चावलेला भाग हलवू न देता १०८ ला फोन आणि जवळचं सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

आठवी पायरी: रीत आणि पैसे

बांधावरून चालायचं, पिकातून नाही. खळ्यावर पायताण काढायचं. अजूनही बऱ्याच घरांत हा रिवाज आहे आणि तो न सांगता पाळला की घरची माणसं एकदम मोकळी बोलतात. द्राक्षाच्या घडाला हात लावण्याआधी विचारा. मण्यांवर पांढरी लव असते, ती बोटांनी पुसली गेली की निर्यातीच्या मालाची किंमत उतरते. लावणी करणाऱ्या बायका रोजंदारीवर असतात. त्यांचे फोटो त्यांना विचारून, आणि मुलांनी लावलेली वेडीवाकडी ओळ बहुधा त्यांनाच पुन्हा सरळ करावी लागते, तेव्हा निघताना त्यांच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवा.

जाताना गूळ, तांदूळ, जे असेल ते विकत घ्या. मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारे आपण बांधावर दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि मुलं ते बघत असतात.

नववी पायरी: घरी आल्यावर

त्याच रात्री काही लिहून घेऊ नका, सगळे दमलेले असतात. दुसऱ्या दिवशी आणलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा: एक निबर कणीस, उसाचं एक टिपरं, मूठभर माती. ज्वारीचे दहा दाणे कुंडीत पेरा, किती उगवले ते मोजा. उसाचं टिपरं डोळा वर ठेवून मातीत पुरा. ऊस बियांऐवजी कांड्यांनी लावतात, हे मुलांना सांगावं लागत नाही, कोंब दिसतो. आणि त्या शेतकऱ्याचा नंबर मुलांच्या देखत जतन करा. आम्ही लावणी केलेल्या खाचरातून दिवाळीनंतर फोन आला होता: भात झोडून झालाय, पोरांचे पाच किलो बाजूला ठेवलेत, कधी येताय?